मोटरची ऊब

बोट तळ्याच्या मधोमध तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा मी बाबांना शिव्या घातल्या. मनातल्या मनात नाही, चांगल्या मोठ्याने, एकोणीस उतारूंच्या देखत. बाबांना जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणणाऱ्याची बोट कधी भर पाण्यात थांबलेली नसते.

"अगं, त्यांना कशाला बोलतेस?" पुढच्या कोपऱ्यातून पोस्टमन काका म्हणाले. त्यांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी सगळे त्यांना पोस्टमनच म्हणतात. "बोट तू चालवतेस."

"काका, वल्हं घ्या हातात. तोंडाने बोट हलत असती तर तुम्ही एव्हाना समुद्र ओलांडला असता."

वल्ही मारत धक्क्याला लागायला पाऊण तास गेला. उतारूंमध्ये हॉस्पिटलची एक नर्स होती, तिची ड्युटी चुकली. तक्रार तिने केली की आणखी कुणी, ते मी विचारलं नाही, पण चार दिवसांनी पाणी खात्याचा कागद हातात पडला. तीन आठवड्यांनी, शनिवारी, तपासणी. वीस माणसं बसवून सहा फेऱ्या मारायच्या. एकदा जरी बोट पाण्यात थांबली तर परवाना रद्द आणि बोट कायमची काठावर.

मी कागद दोनदा वाचला आणि घडी करून आईला न दाखवता खिशात टाकला. ती बोट म्हणजे नुसतं पोट नव्हतं हो. पोट काय, मी कुठेही भरलं असतं. पण बाबांनी ती स्वतःच्या हाताने उभी केली होती. आमच्या तळ्याचं पाणी गाव पितं, त्यात तेलाचा थेंब सांडायचा नाही असा नियम, म्हणून इंजिनाच्या बोटींना बंदी. पलीकडे जायचं तर रस्त्याने सव्वा तासाचा वळसा. बाबा तेव्हा पंपहाउसात वायरमन होते. त्यांनी एक जुनी सपाट बोट घेतली, तिच्या शेपटाला मोटर बसवली, पोटात बॅटऱ्या ठेवल्या, आणि सतरा मिनिटांत माणसं पलीकडे जाऊ लागली. लोक सुरुवातीला हसले. मग रांगा लावल्या.

बॅटऱ्या चार. मधल्या बाकाखालच्या लाकडी पेटीत, मागून पुढे एका ओळीत. प्रत्येक बारा व्होल्टची आणि एकीला एक जोडलेली, म्हणजे चौघींचे मिळून अठ्ठेचाळीस. बाबा त्यांना चौघीच म्हणायचे. थोरली, मधली, धाकटी, आणि सगळ्यात पुढची ती शेंडेफळ.

"हात धरून चालणाऱ्या बहिणी आहेत," ते सांगायचे. "तिघी कितीही धडधाकट असू देत, एकीला चक्कर आली की सगळ्या थांबल्या."

आणि रात्री चौघींना एकदम भरणाऱ्या मोठ्या चार्जरबद्दल सांगायचे, "तो म्हणजे घाईत वाढणारी बाई. पातेलं संपलं की तिचं काम झालं. कुणाच्या पानात जास्त पडलं, कोण उपाशी उठलं, ते ती बघत नाही. ते आपण बघायचं."

ते बघण्याचा दिवस रविवार. रविवारी बोट बंद असायची. बाबा सकाळीच मीटर, छोटा चार्जर आणि जुन्या चिंध्या घेऊन धक्क्यावर जायचे, ते दिवे लागायच्या वेळी परत. चारला आई माझ्या हाती चहाची किटली द्यायची. मी जायची तेव्हा बाबा पेटीचं झाकण उघडून उलट्या खोक्यावर बसलेले असायचे, गुडघ्यावर मीटर. पेटीतून बारीक बुडबुड ऐकू यायची. लहानपणी मला वाटायचं, त्या चौघी आपसात गप्पा मारतात आणि बाबा चोरून ऐकतात. मी वाकले की ते म्हणायचे, "तू सुकाणू शीक. पोटाचं मी बघतो."

पुढे त्यांचे गुडघे गेले आणि सुकाणू खरंच माझ्याकडे आलं, पण पोट त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. रविवारी घरी थांबलं तर आई माळा आवरायला लावेल, म्हणून हा माणूस पळ काढतो, अशी माझी पक्की खात्री होती.

आई पलीकडच्या हॉस्पिटलात कपड्यांच्या खोलीत होती. फाटक्या चादरी, उसवलेले अभ्रे, डॉक्टरांचे झगे, सगळं तिच्या मशीनखालून जायचं. बावीस वर्षं ती पहिल्या फेरीला, अजून उजाडायचं असताना, बोटीत बसली. मागे बसलं की तिला मळमळायचं, म्हणून तिची जागा अगदी पुढे, डाव्या कोपऱ्यात. वारा सगळा तिथेच लागतो. दिवसभर मशीनवर वाकून तिची कंबर धरायची, आणि गारठ्यात तर विचारूच नका. पण "मला वेगळं काही नको" हे तिचं ठरलेलं वाक्य. उशी दिली तर ती शेजारणीला देणार. शाल दिली तर कुणाच्या तरी पोराला गुंडाळणार. निवृत्त झाल्यावरही नऊ वर्षं ती रोज पहिल्या फेरीला यायची, त्याच कोपऱ्यात बसून पलीकडे जायची आणि तशीच परत. काम काही नाही. बाबा बोटीत, म्हणून ती बोटीत.

त्या सकाळीही ती होती. बोट हॉस्पिटलच्या धक्क्याला लागली, बाबा दोर बांधायला उतरले आणि म्हणाले, "छातीत जरा दुखतंय." जरा, म्हणाले. आई त्यांना धरून पायऱ्यांवरून वर घेऊन गेली. बाबा परत बोटीत बसलेच नाहीत. त्यानंतर आईने धक्क्याकडे पाऊल टाकलं नाही, आणि पोस्टमन काकांनी तिसऱ्याच दिवशी तिचा कोपरा बळकावला.

"इथे बरं वाटतं," ते म्हणायचे आणि मांजरासारखे पाय पोटाशी घेऊन पेपर उघडायचे.

बोट पहिल्यांदा बंद पडली ती बाबा गेल्यावर तीन आठवड्यांनी. मीटर लावलं तर शेंडेफळ मेलेली. म्हटलं, म्हातारी झाली असेल. बॅटरीवाल्याकडून नवी आणली. महिन्याभरात नवीही मेली. दुसरी आणली, आता तीही. बाकी तिघींचं बघावं तर उलटंच. त्या इतक्या भरत होत्या की त्यांचं पाणी उकळून आटत होतं, दर दोन दिवसांनी ओतावं लागायचं. तिघींना अजीर्ण आणि एक उपाशी.

मी तरातरा बॅटरीवाल्याच्या दुकानात गेले आणि त्याच्या टेबलावर पानाच आपटला.

"दोनदा मेलेलं जनावर गळ्यात बांधलंत माझ्या!"

"ताई, आधी बसा."

"मी बसायला आलेली नाही."

"मग उभ्याने ऐका. एकाच दुकानातून, एकाच गाडीतून आलेल्या बॅटऱ्या आहेत. इतर कुणाच्या नाही मेल्या. तुमच्याच बऱ्या मरतात."

चोराच्या उलट्या बोंबा, असं मी त्याच्या तोंडावर म्हणाले. आज त्याची लाज वाटते, कारण तो माणूस दुकान बंद करून माझ्याबरोबर धक्क्यावर आला. वयाने माझ्याहून लहान, काडीसारखा, पण डोकं थंड. त्याने शेंडेफळ भरून घेतली आणि मग एक साधी गोष्ट केली. तिला उचलून मधलीच्या जागी ठेवलं आणि मधलीला तिच्या जागी.

"आठवडाभर चालवा," तो म्हणाला. "बॅटरीच खराब असेल तर ती तिथेही मरेल. मग दोन्हींचे पैसे परत."

आठवड्याने आम्ही झाकण उघडलं. शेंडेफळ मधलीच्या जागी टुणटुणीत होती. आणि आमची इतक्या वर्षांची तगडी मधली, शेंडेफळाच्या जागी बसून, पार ढेपाळलेली.

"बघा," तो म्हणाला. "दोष बॅटरीत नाही. जागेत आहे."

मग आम्ही दोघं पेटीत डोकं घालून बसलो. सगळ्यात पुढच्या बॅटरीच्या दोन्ही क्लॅम्पना, म्हणजे केबल पकडणाऱ्या चिमट्यांना, अगदी आतल्या बाजूने, एकेक बारीक वायर सोल्डर केलेली होती. वरून काळी टेप, जाड केबलला अशी चिकटवलेली की ती केबलचाच भाग वाटावी. ते काम बाबांचं होतं. टेप शेवटी तिरकी कापायची सवय त्यांचीच.

वायरी पेटीच्या भोकातून बाहेर पडून फळ्यांखालून पुढे गेल्या होत्या. मी पान्याने एकेक फळी उचलत त्यांच्यामागे गुडघ्यांवर सरकत गेले. त्या जाऊन थांबल्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात, बाकाखाली. तिथे एक छोटं बटण होतं, आणि बाकाच्या फळीला खालून चिकटवलेली एक चपटी गादी, दोन पंजांएवढी. मोटारींच्या सीटखाली घालतात तसली, वीज लागली की गरम होणारी. हॉस्पिटलच्या चादरीच्या तुकड्यात शिवून घेतलेली होती. शिवण कसली, तीन बाजूंना धांदरट टाके, बोटबोटभर लांब. एक बाजू तेवढी बारीक, सरळ, नेटकी. म्हटलं, शेवटच्या बाजूला येईपर्यंत हात बसला असेल.

मी हात लावला. गादी कोमट होती. बटण चालू होतं.

"हे असं रात्रंदिवस चालू आहे?" बॅटरीवाला म्हणाला. "कधीपासून?"

मला कळलं कधीपासून. त्या सकाळपासून. पहिल्या फेरीच्या आधी बाबांनी ते लावलं, आणि फेरी झाल्यावर रोजच्यासारखं बंद करायला ते परत आलेच नाहीत. बोट धक्क्याला बांधलेली असायची, वर काळोख, खाली पाणी, आणि रिकामं बाक साडेतीन महिने आपलं गरम होत बसलं होतं. पोस्टमन काकांना तिथे बरं वाटत होतं ते उगीच नाही.

तुम्हाला वाटेल मला रडू आलं. नाही. मला आधी राग आला, आणि तो असा की कानशिलं तापली.

कारण रेडिओ. मी सतरा वर्षांची असताना एका दुपारी हौसेने बोटीत रेडिओ लावला होता. बारा व्होल्टचा होता, म्हणून पेटी उघडून हाताशी आली त्या बॅटरीला दोन वायरी अडकवल्या. गाणं सुरू झालं आणि बाबा आले. त्या माणसाने आयुष्यात माझ्यावर आवाज चढवला तो तेवढा एकदा. "चौघींच्या घरात एकीच्या ताटातून उचलतेस? अक्कल आहे का? पुन्हा या पेटीला हात लावलास तर बघ!" उतारूंसमोर. रेडिओ त्यांनी घरी नेऊन माळ्यावर टाकला. पुढे धक्क्यावर कुणीही नवा माणूस कामाला आला की त्याला हा पहिला धडा: चौघींत एकीवर वेगळं ओझं टाकायचं नाही. आणि स्वतः? स्वतः एकतीस वर्षं तेच करत होते! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

मी तिथेच फळीवर बसून बॅटरीवाल्याला हे सगळं ऐकवलं, जणू गुन्हा त्याचाच.

त्याने शांतपणे विचारलं, "ताई, रेडिओ तुम्ही कुठल्या बॅटरीला लावला होता?"

आठवायला वेळ लागला नाही. हाताशी आली ती. सगळ्यात पुढची. शेंडेफळ.

"मग बरोबर आहे," तो म्हणाला. "तिच्या ताटातून आधीच एक जण जेवत होतं."

तेव्हा मात्र मला रडू आलं. बॅटरीवाला बिचारा तळ्याकडे बघत राहिला. मग सगळं आपोआप जुळत गेलं. रविवारचा तो छोटा चार्जर, बारा व्होल्टचा, चौघींना एकदम लावताच येणार नाही असा. दिवसभर त्या खोक्यावर बसून ते एकटीलाच भरत होते. आठवडाभर सकाळी तिच्याकडून जेवढं घ्यायचे, तेवढं रविवारी तिला परत द्यायचे. चुकीचं आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. चूक करायची ती करायची, आणि दर आठवड्याला ती फेडायची, असा त्यांचा हिशेब. माळा आवरायला नको म्हणून पळतात म्हणे! माझीच मला शरम वाटली.

"आता एक डबी मिळते," बॅटरीवाला म्हणाला. "चौघींकडून सारखं घेऊन बारा व्होल्ट देते. तेव्हा नव्हती. पण तपासणीआधी काही जोडू नका. आत्ता हे तोडा."

तपासणीला चार दिवस होते. मी पकड घेतली. दोन वायरी कापायला किती वेळ लागतो? मला पंधरा मिनिटं लागली.

मग बोट बंद ठेवून एकेकीला सुटं करून छोट्या चार्जरवर घेतलं. पाणी भरलं, टर्मिनल घासली, जिला जेवढी भूक तेवढं दिलं. जन्मात पहिल्यांदा त्या खोक्यावर मी बसले होते. बुडबुड ऐकत बसायला वाईट नसतं, हेही कळलं. शुक्रवारी दुपारी मीटर लावलं: थोरली बारा पॉईंट सात. मधली बारा पॉईंट सात. धाकटी, शेंडेफळ, तेच. चौघी एका मापात. खडूने झाकणाच्या आतून आकडे लिहिले. बाबा लिहायचे तिथेच, त्यांच्या पुसट आकड्यांखाली.

शनिवारी सकाळी तपासणीचे साहेब आले. गळ्यापर्यंत लाइफजॅकेट, ते शेवटपर्यंत काढलं नाही. माणसं मोजली तर एकोणीस. रात्री हो म्हणालेला एक जण सकाळी आलाच नाही.

"वीस पाहिजेत," साहेब म्हणाले. "नाहीतर पुढची तारीख. तोवर बोट बंद."

मी धावत घरी गेले. आई खिडकीशी तांदूळ निवडत होती. तिला सगळं सांगितलं. म्हणजे बाकाखालचं सोडून सगळं.

"म्हणजे पोत्याच्या जागी मला बसवणार?" ती म्हणाली.

"आई, एक माणूस कमी पडतंय. बोट जाईल."

तिने सूप बाजूला ठेवलं. मग उठून चपला शोधायला लागली.

ती धक्क्यावर येताना दिसली तसे पोस्टमन काका न सांगता कोपऱ्यातून उठले. त्या माणसाला मी आजवर जे जे बोलले ते सगळं परत घेते. आई तिच्या जागेवर बसली. मी मागे सुकाणूवर, डोळे मीटरवर.

पहिली फेरी गेली. दुसरी गेली. जिथे आम्ही तीनदा अडकलो होतो त्या मधल्या पाण्यात आलं की माझा जीव टांगणीला लागायचा, पण काटा हलत नव्हता. तिसऱ्या फेरीला बोट हॉस्पिटलच्या धक्क्याला लागली. आई त्या पायऱ्यांकडे बघत नव्हती. तिने बाकावर तळहात टेकला होता.

"इकडे ये गं," तिने हाक मारली.

मी पुढे गेले.

"बाक गार का आहे?"

साहेब दोन हातांच्या अंतरावर उभे. मी म्हटलं, "मोटर आता नीट चालते ना, तापत नाही."

आईने माझ्याकडे बघितलं. कसं ते सांगता येत नाही. मग हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.

"अगदी बापावर गेलीस," ती म्हणाली. "जा, बोट हाक."

उरलेल्या तीन फेऱ्या मी कशा मारल्या मला ठाऊक नाही. मीटर बघत होते, एवढं आठवतं. सहावी फेरी संपवून बोट आमच्या धक्क्याच्या टायरांना टेकली, तेव्हा बॅटरीवाल्याने काठावरून शिट्टी वाजवली आणि पोस्टमन काकांनी पेपर हवेत उडवला. त्यातली दोन पानं पाण्यात गेली, ती काढायला साहेबांनीच त्यांना लावलं. मग ते पेटी बघायला वाकले. चौघींना मीटर लावलं, आकडे लिहून घेतले, शिक्का मारला. बोट वाचली.

माणसं उतरली. आई उतरली नाही. मी तिच्या समोर बसले.

"आई, ती मोटरची ऊब नव्हती."

"मोटर मागे आहे," आई म्हणाली. "मी पुढे बसते. मध्ये पंचवीस फूट बोट. ते म्हणाले मोटरची ऊब येते, आणि मी हो म्हटलं. हातच्या काकणाला आरसा लागतो का?"

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच आठवड्यात. ते दोर सोडायला गेले होते, मी फळीखाली हात घातला. माझ्याच टोपलीतला चादरीचा तुकडा, आणि टाके असे की माझ्या शिकाऊ पोरीला मी हाकलून दिलं असतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर मला नको म्हणावं लागलं असतं." तिने पदराच्या टोकाने बाक पुसलं. बाक स्वच्छच होतं. "मला नको नव्हतं गं. कंबरेला इतकं बरं वाटायचं. तू रविवारी चहा न्यायचीस ना, तो काय त्यांना माझ्या हातचा आवडायचा म्हणून? माझ्यासाठी तो माणूस दिवसभर उन्हात बसतोय, तर चहा तरी वेळेवर जावा."

मी विचारलं, "आणि त्या गादीची एक बाजू..."

"उसवली होती. एका सकाळी मी सुईदोरा घेऊन आले आणि शिवून दिली."

"बाबांना कळलं?"

"त्या टाक्यांत आणि या टाक्यांत फरक न कळायला ते आंधळे होते का? कळलं असणार." आई तळ्याकडे बघत होती. "त्या दिवशी संध्याकाळी घरी आले आणि काही नाही, नुसते माझ्याकडे बघून हसले. मीही विचारलं नाही का हसलात. तिथेच संपलं आमचं बोलणं त्यावरचं. एकतीस वर्षांत तेवढंच."

मग ती रडली. मीही. काठावर साहेब कागद आवरत होते. त्यांच्या कानावर सगळं गेलं असणार, कारण जाता जाता ते थांबले आणि खाकरले.

"वेगळं काही जोडणार असाल तर आधी सांगायला हवं," ते म्हणाले.

"जोडणार आहे," मी उठून म्हटलं. माझ्या नाकावर राग असतोच, तो लगेच आला. "एक छोटी गादी. सकाळच्या एका फेरीपुरती. तिचं जेवढं जाईल तेवढं दर रविवारी मी वेगळं भरीन. लिहा कागदावर."

साहेबांनी आईकडे बघितलं, बाकाकडे बघितलं. "रविवारी भरायला विसरू नका," एवढं म्हणाले आणि खरंच लिहून घेतलं.

मी फळी उचलली, कापलेल्या वायरी सोलून पुन्हा जोडल्या, वर काळी टेप गुंडाळली आणि शेवट तिरका कापला. बटण दाबलं.

"पाच मिनिटं लागतील," मी म्हटलं.

"माहीत आहे," आई म्हणाली.

बॅटरीवाल्याची ती डबी मी विकत आणली आहे. चौघींकडून सारखं घेते म्हणतात. घरात कपाटात ठेवली आहे, बसवीन कधीतरी. आई आता रोज पहिल्या फेरीला येते, आणि धक्क्याला लागलो की बटण मी आठवणीने बंद करते.

पुढच्या रविवारी सकाळी मी छोटा चार्जर आणि मीटर घेऊन खोक्यावर जाऊन बसले. चारला आई स्वतः किटली घेऊन आली. पेटीत वाकून तिने विचारलं, "भरली का?"

"अजून दोन तास," मी म्हटलं.

तिने दोन कप भरले आणि माझ्या शेजारी बसली.